होर्सीच्या किनाऱ्यावर मला अडवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. इकडे अनोळखी बाईला काकू म्हणायची पद्धत नाही, आजी म्हणायची तर माझी हिंमतच नाही. आई अजून तुम्हाला ‘त्या दोरीवाल्या बाई’ म्हणते. पत्र मराठीत आहे; कधीतरी समोर बसून अर्थासकट वाचून दाखवेन. पण नाताळच्या सुट्टीत सील बघायला इंग्लंडात नॉरफोकच्या होर्सीला निघणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्याही ते हाती पडावं, म्हणून उघडंच लिहिते.

डिसेंबरातला रविवार होता. नॉरविचहून होर्सी जेमतेम तीसेक किलोमीटर, तरी इतकी वर्षं इथे राहून मी कधी गेले नव्हते. आई आली म्हणून निघालो. वाऱ्याने डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं. वाळूच्या टेकडीवरून खाली पाहिलं, तर किनाऱ्यावर धोंडे पसरावेत तसे करडे सील, आणि त्यांच्यामध्ये पांढरी पिल्लं. एक पिल्लू मात्र आमच्या अगदी जवळ, लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, एकटंच पडलेलं. रडत होतं. सीलचं पिल्लू माणसाच्या बाळासारखंच रडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे; तो आवाज ऐकला की माझे पाय आपोआप चालू लागतात. आईने खांद्यावरची शाल काढलीसुद्धा होती. माझा एक पाय दोरीपलीकडे पडला होता.

तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या आणि पिल्लाच्या मध्ये येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, “त्याची आई पाण्यात आहे. तुझ्याकडेच बघतेय.”

खरंच होतं. लाटांमध्ये एक काळं, लांब नाकाचं डोकं वर आलेलं होतं. (या प्राण्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘वाकड्या नाकाचं समुद्री डुक्कर’ होतो हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा आई इतकी हसली की शेजारच्या कुटुंबाने वळून पाहिलं.) मग आम्ही टेकडीवर मागे सरकलो आणि थांबलो. चाळीस मिनिटं. मी वॉर्डात चाळीस मिनिटं काही न करता कधी उभी राहिलेली नाही. शेवटी ती वर आली, पोटावर सरपटत, दर चार हातांवर दम खात. पिल्लाला हुंगलं, कुशीवर वळली आणि त्याला पाजायला लागली. त्या वेळी आम्ही तिथे शाल घेऊन उभ्या असतो, तर ती आली असती का?

त्या चाळीस मिनिटांत तुम्ही जे सांगितलंत ते मी वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून झालंय. जन्मतः पिल्लू साधारण चौदा किलोचं. आईच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबी, त्यामुळे रोज दोनेक किलो वजन वाढतं. आमच्याकडे बाळाचं वजन तीस ग्रॅमने वाढलं की आम्ही खूश! तीन आठवडे आई पाजते. या काळात तिच्या स्वतःच्या पोटात घासही जात नाही. अंगावरच्या चरबीवर ती तगते, आणि मग पिल्लाला तिथेच सोडून समुद्रात निघून जाते, कायमची. “तीन आठवड्यांत?” आईने मला विचारलं. “बाळंतविडा तरी संपतो का तेवढ्यात?” ते भाषांतर मला जमलं नाही.

पांढऱ्या केसांचं पिल्लू पाण्यात ढकलायचं नाही, कारण ते केस पाणी अडवत नाहीत. जवळ गेलं की मोठे सील बिचकून पाण्याकडे धावतात आणि त्यांच्याखाली पिल्लं चिरडतात. एकट्या पिल्लाला आईने टाकलेलं असतंच असं नाही. तुम्ही हे त्या एका दुपारी किती वेळा सांगितलंत? मी मोजायला लागले आणि एकोणीसनंतर सोडून दिलं. एकोणिसाव्या माणसालाही तुम्ही पहिल्यासारखंच हसून सांगितलंत. मोकळा कुत्रा घेऊन आलेल्या गृहस्थालासुद्धा. तिथे माझा तोल गेला असता.

आईचं माहेर बाणकोटचं, वेळासला लागूनच. तिच्या लहानपणी कासवांची अंडी उकरून नेणं ही सर्रास गोष्ट होती. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला काम सुरू केलं, आणि तेच गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची राखण करू लागले. हे तिने मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत, आणि तुम्ही दुर्बीण खाली ठेवून ऐकलंत. तिथेही दोरी असते, दोरीमागे पर्यटक असतात, आणि टोपली उचलली की पिल्लं समुद्राकडे निघतात. पण तिथे अंडी उचलून कुंपणात पुरावी लागतात, नाहीतर कोल्ही-कुत्री ठेवत नाहीत. इथे हात लावायचाच नाही. आईला हा फरक पटायला वेळ लागला. खरं तर मलाही.

हात कधी लावायचा हेही तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुमचं जास्त कौतुक. 5 डिसेंबर 2013 च्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं आणि लाटा या टेकड्यांना भिडल्या, तेव्हा किती पिल्लं आयांपासून तुटली हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. आणि 2017 मधली ती सीलची मादी, जिच्या मानेत फेकायच्या प्लास्टिकच्या कड्याने (फ्रिस्बीने) मांसात घर केलं होतं. माणसं पाहिली की समुद्रात पळणारा तो जीव पकडायलाच किती खटपट पडली असेल! ईस्ट विंचच्या प्राण्यांच्या दवाखान्यात तिला मिठाच्या पाण्यात ठेवून जखम भरवली, हे ऐकून माझ्यातली नर्स सुखावली. माझ्या भाच्याकडे तसलंच कडं होतं. घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर त्याच्या बाबांना फोन करून ते कापून टाकायला सांगितलं. त्याऐवजी मधे भोक नसलेली सबंध तबकडी मी पाठवून दिली आहे.

काकू, त्या दिवशी तुम्ही मला दोरीवरून परत फिरवलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्याबरोबर आळीपाळीने त्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या सगळ्या स्वयंसेवकांचेही. पगार नाही, वर लोकांची बोलणी.

निघताना तुमचे हात थंडीने लालभडक झालेले आईने पाहिले होते. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “शाल त्या बाईंनाच द्यायला हवी होती.” जाताना ती माझ्याकडे ठेवून गेली आहे. नोव्हेंबरात पहिली पिल्लं आली की घेऊन येते. पेंडखजुराचे लाडूही आणेन, ते मात्र सीलना दाखवू नका.

तुमची,
दोरी ओलांडू पाहणारी नॉरविचची नर्स