डबे दिसले, घेणारा दिसला नाही

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या रिसायकलिंगच्या इतिहासावर जो लेख आला तो आवडला, फोटोही झकास होते, निळे डबे हिरवे डबे आणि डब्यांशेजारी हसत उभी असलेली पोरं. पण वाचून झाल्यावर मी बायकोला म्हटलं, अगं ह्यात मुख्य गोष्टच नाहीये, हा सगळा माल विकत कोण घेत होतं? ती म्हणाली पेपरवाल्यांना लिही, मला काय सांगतोस. म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं तिथे खुशाल कापा.

मला बोलायचा थोडा हक्क आहे असं वाटतं कारण नव्वदच्या दशकात तिकडच्या एका विद्यापीठात (नाव राहू दे) शिकत असताना मी तीन वर्षं त्यांच्या रिसायकलिंगच्या क्रूवर पार्टटाइम काम केलंय. म्हणजे ढकलगाडी घेऊन बिल्डिंग-बिल्डिंग फिरायचं, कागद गोळा करायचा आणि गोदामात आणून निवडत बसायचं. पर्यावरणप्रेम वगैरे नंतर आलं, तेव्हा घरभाडं भरायचं होतं.

लेखाचा सूर असा आहे की १९७० ला विद्यार्थी जागे झाले, मग प्रशासन जागं झालं, मग डबे वाढत गेले आणि आता झीरो वेस्ट, म्हणजे कचराच शून्य. इतकं सरळ काही झालेलं नाही हो. हे प्रकरण दर थोड्या वर्षांनी वर गेलंय आणि दाणकन खाली आलंय, आणि दोन्ही वेळा बघायचं ते हेच की माल उचलणारं गिऱ्हाईक आहे का.

खरं तर १९७० च्याही बरंच मागे जायला हवं. विद्यापीठ आणि रिसायकलिंग ह्यांची मला माहीत असलेली सगळ्यात जुनी गाठ १७७४ ची आहे, जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातला युस्टुस क्लाप्रोट नावाचा प्रोफेसर, तोही केमिस्ट्रीचा नाही, कायद्याचा! ह्या माणसाने छापील कागदावरची शाई धुऊन काढून त्याच कागदाचा पुन्हा नवा कागद कसा करायचा ह्यावर एक छोटी पुस्तिका काढली. त्या काळी कागद लाकडापासून नाही तर चिंध्यांपासून व्हायचा आणि चिंध्या पुरत नव्हत्या, म्हणून त्याला हे सुचलं. पृथ्वी वाचवायची वगैरे भानगड नव्हती, कच्चा माल कमी पडत होता एवढंच. आज रद्दीच्या कारखान्यात शाई काढतात त्याचा मूळपुरुष म्हणून ह्याचंच नाव घेतात.

आता १९७०. २२ एप्रिलचा पहिला अर्थ डे (वसुंधरा दिन), विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन ह्यांची कल्पना, आणि तारीखसुद्धा कॉलेजच्या पोरांची सोय बघून, म्हणजे स्प्रिंग ब्रेक संपलेला आणि परीक्षा अजून लांब अशी निवडलेली. त्याच वर्षी रिसायकलिंगचं चिन्ह, तो तीन बाणांचा त्रिकोण आला. तुमच्या लेखात तो "एका विद्यार्थ्याने काढला" एवढंच आहे, ते बरोबरच आहे, गॅरी अँडरसन, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, वय २३. पण ती स्पर्धा भरवली कुणी? कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ह्या कंपनीने. ही कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवायची आणि त्यासाठी तिला जुना कागद लागायचा. म्हणजे जे चिन्ह आपण चळवळीचं समजतो त्याला जागा करून दिली ती गिऱ्हाइकाने! मला ह्यात वाईट काही दिसत नाही, उलट म्हणूनच ते टिकलं असं मला वाटतं.

सत्तरच्या दशकात ठिकठिकाणी विद्यार्थ्यांनी पेपर आणि कॅन गोळा करायला सुरुवात केली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसवर १९७० लाच विद्यार्थ्यांचं पर्यावरण केंद्र निघालं आणि १९७६ ला त्यांनी रिसायकलिंग हातात घेतलं, ते अजून चालू आहे, आणि चालू आहे कारण नुसत्या व्हॉलंटियर पोरांवर ते ठेवलं नाही, विद्यार्थी संघटना आणि विद्यापीठ दोघांनी मिळून चालवलं. बाकी बऱ्याच ठिकाणी काय व्हायचं ते मी स्वतः नंतर बघितलंय, एक उत्साही पोरगी असते, ती सगळं उभं करते, तिच्याकडे गोदामाची किल्ली, रद्दीवाल्या कंपनीचा नंबर तिच्या वहीत, आणि चार वर्षांनी ती डिग्री घेऊन निघून जाते. वही पण जाते.

पुढे १९८७ चा तो बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट. मोब्रो ४००० नाव त्याचं, न्यूयॉर्क राज्यातल्या आयस्लिप गावचा कचरा, तीन हजार टनांवर, घेऊन निघाला, नॉर्थ कॅरोलायनाने हाकलला, मग खाली मेक्सिको आणि बेलीझपर्यंत जाऊन आला, कुणी म्हणून उतरवून घेईना, शेवटी परत न्यूयॉर्कला येऊन ब्रुकलिनमध्ये जाळला. रोज टीव्हीवर हेच. कचरा टाकायला जागा नाही अशी भीती बसली आणि राज्याराज्यांनी कायदे केले, विद्यापीठांना तेव्हा कुठे पगारी माणूस नेमावा लागला. म्हणजे आमचा बॉस. ती पोस्टच मुळी त्या बार्जमुळे निघालीय असं तो हसत सांगायचा.

आता गोदामातलं सांगतो कारण ते कुठल्याच लेखात येत नाही. कागद म्हणजे कागद असं नसतं. पांढरा ऑफिस पेपर वेगळा, रंगीत वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. सगळ्यात भारी माल म्हणजे कॉम्प्युटर सेंटरमधून येणारा तो लांबच लांब घडीचा प्रिंटआउट, कडेला भोकांची पट्टी आणि आडवे फिकट हिरवे पट्टे, जुन्या लोकांना आठवत असेल. त्याचा धागा लांब आणि चांगला, म्हणून भाव सगळ्यात वर. पण त्यातही लेझर प्रिंटरवरचा असेल तर भाव खाली, कारण लेझरची शाई भाजून कागदाला चिकटते, धुऊन निघत नाही. आम्ही अक्षरशः कागद उजेडात तिरका धरून, अक्षरावर बोट फिरवून बघायचो. आणि सगळ्यात डेंजर तो गडद सोनेरी-पिवळा कागद, प्रत्येक डिपार्टमेंटला नोटिसा नेमक्या त्यावरच काढायचा सोस. तो रंग जात नाही, पांढऱ्याच्या गठ्ठ्यात चार पानं सापडली तर अख्खा गठ्ठा खालच्या भावात. मी अजूनही तसा कागद कुठे दिसला की आधी मनातल्या मनात बाजूला काढतो.

लायब्ररीची पुस्तकं यायची ती तर शिक्षाच, पुठ्ठ्याचं कव्हर फाडायचं, कण्याचा डिंक कटरने कापून काढायचा, मग आतली पानं. एका दुपारी मी आणि अजून एकाने जुन्या जर्नल्सचं अख्खं कपाट फाडलं, संध्याकाळी बोटं वाकत नव्हती.

१९९५ ला काय झालं, रद्दीचे आणि पुठ्ठ्याचे भाव एकदम असे चढले की तिकडे लोकांच्या दारासमोरचे पेपरचे गठ्ठे चोरीला जायला लागले, थट्टा नाही, खरंच. आमच्या गोदामामागे सकाळी पुठ्ठा कमी भरायला लागला, बॉसने कुलूप लावलं. कचऱ्याला कुलूप! त्या वर्षी आम्ही विद्यापीठाचे लाडके होतो, नवीन गाडी आली, डब्यांवर स्टिकर आले. वर्षभरात भाव कोसळले आणि आमचे तास अर्ध्यावर. डबे तेच, पोरं तीच, जागरूकता पण तेवढीच होती की. आणि त्याच हिवाळ्यात दोन-तीनदा असं झालं की मिक्स पेपर, म्हणजे सगळ्या प्रकारचा एकत्र कागद, कुणी उचलेना तेव्हा आम्हालाच सांगितलं गेलं की कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाका, रात्री टाका. टाकला. दुसऱ्या दिवशी लोक इमानदारीत स्टेपल पिना काढून कागद डब्यात टाकतायत आणि मी गाडी घेऊन समोरून जातोय, मान वर होत नव्हती.

ह्यावर इलाज नव्हता असं नाही. ऑक्टोबर १९९३ ला प्रेसिडेंट क्लिंटन ह्यांनी एक ऑर्डर काढलेली, केंद्र सरकारची ऑफिसं छपाईचा कागद घेतील त्यात १९९४ च्या अखेरीपर्यंत निदान २० टक्के वापरून झालेल्या कागदाचा लगदा हवा, आणि १९९८ च्या अखेरीपर्यंत ३० टक्के. आमचा बॉस ह्या एका सरकारी ऑर्डरला डब्यांपेक्षा जास्त मानायचा. त्याचं म्हणणं विद्यापीठ रोज जेवढी रद्दी काढतं तेवढाच कोरा कागद विकत पण घेतं ना, मग खरेदी विभागाने रिसायकल केलेलाच घेतला तर घेणारे आपणच झालो. खरेदीवाल्यांचं ठरलेलं उत्तर, फोटोकॉपी मशीनमध्ये अडकतो. बॉसने एकदा पाकिटावरचं नाव झाकून दोन्ही कागद महिनाभर चालवले आणि मग विचारलं कुठला कुठला होता ते. कुणालाच सांगता आलं नाही. तरी खरेदीची ऑर्डर नेहमीच्याच, रिसायकल न केलेल्या कागदाची गेली.

तुमच्या लेखात २००१ च्या रीसायकलमॅनिया स्पर्धेचं बरंच कौतुक आहे, ओहायो युनिव्हर्सिटी विरुद्ध मायामी युनिव्हर्सिटी असं सुरू झालं आणि पुढे शेकडो कॉलेजं आली, मान्य, पोरांना चेव आला. पण त्यातला मुख्य सामना माणशी किती पौंड माल रिसायकलला दिला ह्यावर लागायचा. आता मला सांगा, जो जास्त पेपर, जास्त कॅटलॉग, जास्त काचेच्या बाटल्या आणेल तो पुढे, आणि ज्याने मुळात आणल्याच नाहीत तो मागे! कचरा कमी करण्याचं वेगळं बक्षीस ठेवलं होतं, पण पेपरात फोटो पौंडवाल्यांचे.

आणि शेवटचा फटका तुमच्या लेखात एका ओळीत उरकलाय, त्याला खरं तर अर्धं पान हवं होतं. चीनकडून माल भरून येणारे कंटेनर परत रिकामे जायचे त्यातून अमेरिकेची रद्दी वर्षानुवर्षं स्वस्तात तिकडे गेली. त्या भरवशावर सगळ्यांनी निवडणं सोडलं, सगळं एकाच डब्यात टाका, पुढे कोणीतरी बघेल. मग १ जानेवारी २०१८ पासून चीनने २४ प्रकारचा कचरा घेणं बंद केलं, मिक्स पेपर आणि बरंचसं प्लॅस्टिक त्यात आलं, आणि जो माल घेणार त्यात भेसळ अर्ध्या टक्क्याच्या वर चालणार नाही म्हणाले. एका डब्यात कॉफीचा कप आणि कागद एकत्र टाकणाऱ्या कॅम्पसला अर्धा टक्का! आम्ही बोट फिरवून निवडायचो तेव्हा जमलं असतं कदाचित.

मला विचाराल तर ह्या सगळ्या इतिहासात सगळ्यात हुशार काम न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या पोरांनी केलं, २०११ ला. मे महिन्यात होस्टेल रिकामी होताना सोफे, दिवे, छोटे फ्रिज, गालिचे सगळं कचऱ्यात जातं, ते त्यांनी उचलून उन्हाळाभर ठेवलं आणि नवीन पोरं आली तेव्हा त्यांनाच विकलं, आलेल्या पैशातून पुढच्या वर्षीचा खर्च. भट्टी नाही, लगदा नाही, चीन नाही, गिऱ्हाईक तीन महिन्यांनी स्वतः चालत येतंय. तुमच्या लेखात ह्याचा उल्लेखच नाही म्हणून जास्त हात शिवशिवले.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. लेखात मायामी युनिव्हर्सिटी फ्लोरिडात असल्याचं छापलंय. ती ओहायोतच आहे, ऑक्सफर्ड नावाच्या गावात, दोन्ही टीम एकाच राज्यातल्या होत्या म्हणून तर एवढी खुन्नस. दुरुस्ती छापलीत तर बरं.