एल सेरिटोला उतरशील तेव्हा

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू नव्या रूमचा पत्ता सांगितलास आणि म्हणालास की स्टेशनचं नाव एल सेरिटो प्लाझा, बर्कलेच्या जरा पुढे, तेव्हा मी नुसतं "हां हां बरं" करून फोन आईकडे दिला, पण खरं सांगतो त्या रात्री मला लवकर झोपच लागली नाही. अरे ते क्रीडन्सचं गाव आहे! क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, अमेरिकेतला रॉक बँड. जॉन फॉगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड ही तीन पोरं तिथल्याच शाळेत भेटली, १९५९ ला त्यांनी ब्लू व्हेलव्हेट्स म्हणून ग्रुप काढला, आणि चौथा आला तो जॉनचा मोठा भाऊ टॉम. बाकी तुला रोज त्या बार्ट ट्रेनमध्ये बसून जाताना हे कोण सांगणार, म्हणून मी लिहितोय. लांबणार आहे, जेवता जेवता वाच.

आता तू म्हणशील, बाबा मला माहितीयेत ती गाणी, गाडीत तुम्ही तेच लावायचात. ती गाडीतली वीस गाणी म्हणजे १९७६ साली त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने काढलेला क्रॉनिकल नावाचा संग्रह, सगळी हिट गाणी एका जागी. ते म्हणजे ताटात नुसती बासुंदी वाढल्यासारखं आहे रे, वरण-भात नाही, कोशिंबीर नाही. माझी चूक, मी तुला तेच ऐकवलं. मूळ अल्बम सात आहेत फक्त, १९६८ ते १९७२, आणि ते लहान आहेत, ग्रीन रिव्हर तर जेमतेम अर्धा तास, तुझा प्रवास तेवढाच असेल. ओळीने ऐक.

पहिला बँडच्याच नावाचा, १९६८. यात सुझी क्यू आहे, साडेआठ मिनिटांचं, दुसऱ्याचं गाणं घेऊन त्यांनी ते ताणत ताणत नेलंय, आणि सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी, काढताना ते तिच्या दोन बाजूंना तोडून घालावं लागलं. पण त्याआधीचं थोडं ऐक. १९६४ मध्ये त्यांनी फँटसी नावाच्या छोट्या कंपनीशी करार केला, ती मुळात जॅझवाली कंपनी, तिने यांना न विचारता नाव ठेवलं गॉलिवॉग्ज, आणि त्या नावाने बऱ्याच सिंगल निघाल्या, कुणी फारसं विचारलं नाही. या काळात एक गोष्ट झाली ज्याकडे मी इतकी वर्षं लक्षच दिलं नव्हतं. सुरुवातीला गायचा टॉम. बँडचं नावच टॉम फॉगर्टी अँड द ब्लू व्हेलव्हेट्स असं असायचं. मग धाकट्याचा तो खरखरीत, घसा फाडून निघणारा आवाज सगळ्यांना ऐकू आला आणि टॉम बाजूला झाला. रिदम गिटार घेतली आणि मागे उभा राहिला. पहिल्या अल्बमच्या शेवटी वॉक ऑन द वॉटर आहे बघ, त्यावर जॉनच्या शेजारी टॉमचं नाव आहे. पुढच्या अल्बमवर मग जॉन, जॉन आणि जॉन.

१९६९ ला तर कमाल. एका वर्षात तीन अल्बम, आणि तिन्ही चांगले! जानेवारीत बायू कंट्री, ऑगस्टमध्ये ग्रीन रिव्हर, वर्षाच्या शेवटी विली अँड द पुअर बॉइज. आपल्याकडे लोक एका प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये वर्ष घालवतात. प्राउड मेरी जॉनला सुचलं ते सैन्याच्या रिझर्व्हमधून सुटका झाल्याचं पत्र हातात पडलं त्या आनंदात. मिसिसिपी, बायू, दलदल, असं सगळं दक्षिणेचं वर्णन तो करतो आणि लोकांना वाटायचं हे लुइझियानाचे आहेत, पण एकजणही तिकडचा नव्हता, चौघं तुझ्या त्या खाडीकाठच्या गावातले. ग्रीन रिव्हर म्हणजे सुद्धा कॅलिफोर्नियातलाच पुटा क्रीक नावाचा ओढा, लहानपणी सुट्टीत जायचे तिथे, आणि नाव उचललंय एका सरबताच्या लेबलवरून. लोडाय या गावावर गाणं केलं तेव्हा तो तिथे गेलेलाही नव्हता, नावाचा आवाज आवडला म्हणून घेतलं. बॅड मून रायझिंगची एक ओळ लोकांना "उजवीकडे बाथरूम आहे" अशी ऐकू येते, आणि जॉन स्टेजवर मुद्दाम तशी गातो. तुझी आई यावर हसत नाही, तू हसशील.

आता माझं. १९८६, कोल्हापूर, मी अकरावीत आणि दादा, म्हणजे तुझा काका, टीवायला. तेव्हा रिकामी कॅसेट नेऊन दिली की गाणी भरून देणारी दुकानं होती, दादाने नव्वद मिनिटांची टीडीके नेली आणि यादी लिहून दिली, ए साइडला अख्खा ग्रीन रिव्हर आणि उरलेल्या जागेत विली अँड द पुअर बॉइजची पहिली बाजू. हिशोब केलास तर कळेल, पंचेचाळीस मिनिटांच्या अगदी काठावर येतं ते, आणि नेमकं शेवटचं फीलिन ब्लू खटकन तुटायचं. त्या गाण्याचा शेवट मी अजून ऐकलेला नाही, खरंच. मग कॅसेट उलटी केली की धाडकन फॉर्च्युनेट सन. व्हिएतनामच्या लढाईचे दिवस, बड्या बापाची पोरं घरी आणि गरिबाची पोरं आघाडीवर, आणि हा माणूस सव्वादोन मिनिटांत सगळ्यांना सोलून काढतो. आम्हाला इंग्रजी अर्धं कळायचं, राग पूर्ण कळायचा. दादा पितळी डब्यावर ताल धरायचा आणि आज्जी आतून ओरडायची.

बरं, पुढे. १९७० चा कॉस्मोज फॅक्टरी हा माझ्या मते सगळ्यात भारी. कॉस्मो म्हणजे ड्रमवाला डग, आणि फॅक्टरी म्हणजे त्यांची प्रॅक्टिसची जागा, जॉन रोज ऑफिससारखं बोलवायचा म्हणून फॅक्टरी. लुकिन आउट माय बॅक डोअर हे यातलं. लोक म्हणाले नशेचं गाणं आहे, हत्ती काय बँडमध्ये वाजवतात, चमचा काय उडतो, पण ते त्याने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी केलेलं होतं. तू तीन वर्षांचा होतास तेव्हा याच गाण्यावर जेवायचास, घास भरवताना मी हत्ती व्हायचो. आठवत नसेलच. आणि एक गंमत, अमेरिकेच्या हिट गाण्यांच्या यादीत यांची पाच सिंगल दोन नंबरपर्यंत गेली, एक नंबर एकदाही नाही. इंग्लंडमध्ये बॅड मून एक नंबर झालं होतं.

पण हेडफोन लावून ऐकताना एक काम कर. आवाज आणि पुढची गिटार सोड, मागे जी गिटार सारखी एकाच चालीने खरवडत असते ना, तिकडे कान लाव. तो टॉम. कुठेही पुढे येत नाही, चुकतही नाही. मागे साथीला जो आवाज आहे तो मात्र त्याचा नाही, तो पण जॉनच. प्राउड मेरीच्या वेळी बाकीच्यांनी साथ गायली होती, जॉनला पटली नाही, त्याने सगळे आवाज स्वतः भरले आणि पुढे तीच पद्धत पडली. कानाला बरोबरच वाटतं ते. पण तीन माणसं स्टुडिओत बसून ऐकतायत की आपल्या आवाजाच्या जागी त्याचाच आवाज लागलाय, त्यात एक सख्खा थोरला भाऊ, हे मला आत्ता आत्ता डोळ्यासमोर यायला लागलंय.

पेंड्युलम आला डिसेंबर १९७० मध्ये, ऑर्गन, सॅक्सोफोन वगैरे, तेही बरंचसं जॉननेच वाजवलेलं. त्यात हॅव यू एव्हर सीन द रेन आहे. सगळे त्याला प्रेमाचं गाणं समजून लग्नाच्या व्हिडिओत घालतात, ते बँड फुटण्याबद्दल आहे. पैसा, नाव, सगळं लखलखीत, आणि वरून पाऊस, आपल्या श्रावणात पडतो ना तसा उन्हातला. १९७१ च्या सुरुवातीला टॉम निघून गेला. मग १९७२ चा मार्डी ग्रा, उरलेल्या तिघांनी गाणी वाटून घेतली, तुझी तीन माझी तीन, आणि वाटणीत जे होतं तेच झालं. एकदा ऐक, परत लागणार नाही. ऑक्टोबर १९७२ ला बँड संपल्याचं जाहीर झालं, तुमची बार्ट त्याच्या एकच महिना आधी सुरू झालेली.

लाइव्ह रेकॉर्डिंगचा घोळ पण ऐक. १९८० मध्ये कंपनीने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची मैफल म्हणून रेकॉर्ड बाजारात आणली आणि मग कळलं की टेप ओकलंडची होती, तुझ्या शेजारची! नाव बदलून नुसतं द कॉन्सर्ट केलं. खरी लंडनची मैफल बाहेर आली २०२२ मध्ये. आणि वुडस्टॉकच्या त्या मोठ्या संगीत महोत्सवात हे वाजले ते मध्यरात्र उलटल्यावर, समोर लोक झोपलेले, जॉनला ते इतकं लागलं की त्याने महोत्सवावरच्या सिनेमात घालू दिलं नाही. ते अख्खं २०१९ ला निघालं, पन्नास वर्षांनी. बरं वाजलेत रे, उगीच रुसला.

कोर्टाचं थोडक्यात. त्या जुन्या कराराने गाण्यांचे हक्क कंपनीकडे, त्यामुळे जॉन स्वतःची गाणी कित्येक वर्षं स्टेजवर गात नव्हता, आणि १९८५ ला नवीन गाणं केलं तर कंपनीने दावा लावला की तू आमच्या जुन्या गाण्याची नक्कल केलीस, म्हणजे स्वतःचीच! तो गिटार घेऊन साक्षीला बसला आणि जिंकला, वकिलाच्या खर्चाचं भांडण १९९४ ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. बरेचसे हक्क परत मिळाले २०२३ मध्ये, तेव्हा तो सत्त्याहत्तरचा. आणि २०२५ ला त्याने जुनी गाणी परत रेकॉर्ड केली, आपली दोन पोरं सोबतीला घेऊन. पूर्वी हे वाचून मी तावातावाने जॉनची बाजू घ्यायचो. टॉम त्या भांडणात कंपनीच्या बाजूला राहिला म्हणून मला तो आवडायचाच नाही. टॉम १९९० ला वारला, दोघा भावांचं नीट काही जुळलंच नाही शेवटपर्यंत.

मी १९८८ ला पुण्याला हॉस्टेलवर आलो तेव्हा दादाने ती कॅसेट मला दिली. म्हणाला ठेव, इथे वाजवायला काय आहे. मी हसलो, टू-इन-वन आहे की. तो त्याने विकला होता, माझ्या पहिल्या फीसाठी, हे मला आज्जीने दहा वर्षांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच विषयावरून. आता तुला माहितीये घराच्या कागदांवरून आमचं काय चाललंय ते. बोलणं बंद नाही, पण बोलणं म्हणजे "पाऊस कसाय" एवढंच.

तर तुला एक काम. रविवारी चालत जाशील तेव्हा त्या स्टेशनच्या पाटीचा फोटो काढ. मला नको पाठवू, काकाला पाठव, डायरेक्ट. त्याला व्हॉट्सॲपवर फक्त सुप्रभात येतात, तर हे बघेल. खाली काही लिहू नकोस, नाव नीट वाचता आलं पाहिजे म्हणजे झालं.

भाजणी आणि मेतकूट कुरियर केलंय, आई म्हणते डबा आला की लगेच फ्रीजमध्ये टाक.

तुझा,
बाबा

ता.क. हे लिहून झाल्यावर फीलिन ब्लू शेवटपर्यंत लावलं एकदाचं. खास काही नाही रे, नुसतं हळूहळू बारीक होत जातं.