उसवायची लाज नको

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, उतरताना विमान जरा फ्लोट झालं, मग उसळलं, पण सावरलं मी!" तू हसत होतीस. मला मात्र त्या 'सावरलं'पायी रात्री झोप लागली नाही. तुझ्या पायलटच्या टेस्टला आठ दिवस उरलेत म्हणून लिहितेय. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

विमानातलं मला कितीसं कळतं! तुझी चेकलिस्ट विचारता विचारता पाठ झालं तेवढंच. पण शिलाई मशीनवर 30 वर्षं बसलेय. बाही जोडताना टीप वाकडी गेली की ते डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. नवशिकी पोरगी काय करते, तर पुढचं कापड ओढून जुळवून घेऊ बघते. शेवटी खांद्यावर चुण्या. मुरलेली बाई सुई वर घेते, चार बोटं उसवते आणि पुन्हा टीप घालते. तुझं गो-अराउंड, उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेणं, म्हणजे माझं उसवणं.

तूच सांगितलं होतंस, उतरताना वेग 10 टक्के जास्त झाला की जिरवायची ऊर्जा 21 टक्के जास्त होते. म्हणून विमान टेकत नाही, तरंगत राहतं, धावपट्टी सरत जाते आणि माणूस घाईनं नाक खाली दाबतो. मग पुढचं चाक आधी आपटतं. त्याहून मला धास्ती आहे ती बेसवरून फायनलला वळतानाची, धावपट्टीच्या रेषेत येण्याच्या त्या शेवटच्या वळणाची. धावपट्टीची रेष ओलांडलीस तर वळण आवळत बसू नकोस, गो-अराउंड कर. उंची राखून 60 अंश कललीस तर भार दुप्पट होतो, आणि 50 नॉट वेगाला स्टॉल होणारं, म्हणजे पंखांची उचल सुटणारं, विमान 70 लाच स्टॉल होतं. त्यात रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पायानं दाबून नाक ओढलंस की स्पिन, विमान गरगरत खाली. तेवढ्या उंचीवर त्यातून निघायला जागाच नसते.

आणि वेळेवर गो-अराउंड करणं सरावानंच येईल. सुट्टीत माझ्या स्टुलावर डोळे मिटून बसायचीस ना, हातात दोऱ्याचं रीळ, तेच थ्रॉटल, इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा. थ्रॉटल पूर्ण पुढे, कार्ब हीट (कार्बोरेटरला दिलेली ऊब) बंद, नाक वर, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) एक टप्पा वर. इथंच तुझी घाई व्हायची, सगळे टप्पे एकदम उचलायचीस. एकदम उचलले की लिफ्ट, पंखांची उचल, जाते आणि विमान खाली बसतं, हे तुझ्याच वहीत लाल शाईनं लिहिलंय. रोज दहा वेळा कर, तोंडानं म्हणत.

परीक्षक तुला गो-अराउंड करायला सांगतीलच. पण न सांगता करायची वेळ आली, तर त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस.

बाकी तू करशीलच. टाकीतलं इंधन काढून उजेडात धरून तळाला पाणी बघायचं, ते मात्र परीक्षक ताटकळत उभे असले तरी चुकवू नकोस. आणि हवा बरी नसेल तर 'आज नको' हे तूच म्हण.

पांढरा शर्ट पाठवतेय. डाव्या खांद्याची पट्टी मी दोनदा लावली. आतून उलटून बघितलंस तर पहिल्या टिपेची भोकं दिसतील.

तुझी,
आई