हाकलायच्या आधी कोर्टात उभं करा

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

वेरूळच्या लेण्यांजवळ माझा आठ खोल्यांचा लॉज आहे. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म भरावा लागतो. रेंज गेली तर मी मोबाईल घेऊन गच्चीवर चढतो, पण फॉर्म चुकवत नाही. पत्र मराठीतच लिहितोय, तुमच्याकडं कुणीतरी वाचून सांगेलच.

बाहेरच्या एखाद्या नटानं, गायकानं, खेळाडूनं भानगड केली की आमच्या टपरीवर चहा संपायच्या आत निकाल लागतो: हाकला त्याला! अमेरिकेतही तेच. २०१४ साली कॅनडाचा गायक जस्टिन बीबर याला मायामी बीचवर अटक झाली. त्याला देशाबाहेर काढा म्हणून व्हाइट हाउसच्या वेबसाइटवर २ लाख ७० हजारांहून जास्त सह्या पडल्या. तिथल्या सरकारनं त्यावर बोलायचं टाळलं. बरं केलं. सह्या मोजून माणसं हाकलायला लागलो तर कोर्टं कशाला हवीत?

साहेब, माझं म्हणणं वेगळंच आहे. आमच्याकडं गावगुंडाला तडीपार करतात. तो शेजारच्या जिल्ह्यात खोली घेतो आणि तेच धंदे करतो. बड्या परदेशी माणसाला हाकलणं म्हणजे विमानाच्या तिकिटासकट तडीपारी. येमेनहून इथं शिकायला आलेल्या पोराला परत पाठवलं तर त्याची डिग्री बुडते, घरच्यांचा पैसा बुडतो. स्टारचं काय बुडतं? पुढच्या महिन्यात त्याचा दुसऱ्या देशात शो. आणि त्यानं गाडीखाली घेतलेला माणूस इथं घाटी दवाखान्यात पाय टांगून पडलेला.

भोपाळ वायुकांडातल्या युनियन कार्बाइड कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन आठवा. डिसेंबर १९८४, भोपाळला माणसं मेली होती, मरत होती. ७ तारखेला त्याला अटक झाली, त्याच दिवशी जामीन, सरकारी विमानानं दिल्ली आणि तिथून अमेरिका. २०१४ मध्ये तो वारला, पण भारतातल्या कोर्टासमोर कधी उभा राहिला नाही. त्याला कुणी हाकललं नव्हतं, जाऊ दिलं होतं. भोपाळकरांना त्यानं काय फरक पडला?

उलटं उदाहरण आमच्याच घरातलं आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा. तो परदेशी नव्हता, पण जाणार पाकिस्तानात हे उघड होतं. १९४८ ला पकडल्यावर त्याला लगेच सरहद्दीवर नेऊन सोडलं असतं तर मराठवाड्यानं माफ केलं असतं का? खटला चालला, शिक्षा भोगली, १९५७ ला सुटला, मग गेला.

प्रत्येक बाबतीत कोर्टच हवं असंही नाही. २०१९ च्या निवडणुकीत बांगलादेशचा नट फिरदौस अहमद बंगालमध्ये प्रचाराला उतरला. तुमच्या खात्यानं व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवलं. योग्यच झालं. ती व्हिसाची अट मोडली होती, कुणाचं डोकं फुटलं नव्हतं. आणि हाकलायचा अधिकार तुमच्याकडं आहेच, सुप्रीम कोर्टानं १९५५ सालीच हान्स म्युलरच्या खटल्यात तो मोकळा ठेवलाय.

पण जिथं कुणी मेलंय, कुणाची अब्रू गेलीय, कुणाचे पैसे बुडालेत, तिथं आधी पासपोर्ट कोर्टात जमा करा. खटला इथं, शिक्षा इथं, मग विमान आणि काळी यादी. यात नवीन काही नाही. ज्याच्यावर फौजदारी आरोप आहे आणि त्याला उत्तर द्यायला ज्याची इथं गरज आहे, त्या परदेशी माणसाला जाऊ देऊ नये, हे १९४८ च्या फॉरेनर्स ऑर्डरमध्येच होतं. आता १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांबद्दलचा नवा कायदा आलाय. त्यातही हेच पाळा, आणि नाव मोठं म्हणून सूट नको.

एक मागणी. गुन्हा नोंद असताना गेल्या दहा वर्षांत किती परदेशी खटल्याआधीच देश सोडून गेले, तो आकडा संसदेत सांगा. माझ्या लॉजमधून कोण कधी गेला ते तर तुमच्याकडं नोंदलेलं असतंच.

आपला,
वेरूळचा एक लॉजवाला