शनिवारचा ओपन माइक : एकत्र वाजवणाऱ्यांसाठी

मंडळी, शनिवारी संध्याकाळी ७ वाजता नेहमीच्या जागी ओपन माइक, म्हणजे कुणीही येऊन गाण्या-वाजवण्याचा कार्यक्रम, आहे. एकत्र वाजवणाऱ्यांनी साडेसहापर्यंत यावं, वायरी जोडायला वेळ लागतो.

आपलं गाणं कोणत्या पट्टीत (म्हणजे कोणता सूर ‘सा’ धरून) आहे ते शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, ही कळकळीची विनंती. पेटीचा सूर जागेवर बदलता येत नाही, बाकीच्यांनीच तिला मिळवून घ्यायचं. काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला काळी चारला चढवायला जाऊ नका, दुसरा आणा. गिटारवाल्यांनी कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) विसरू नये. तो पहिल्या फ्रेटवर लावून सी कॉर्ड वाजवला की काळी एक मिळते. दमट हवेत तबला उतरतो, तेव्हा हातोडी जवळ असू द्या.

गाणारा गात असताना आपल्या वाद्याचा आवाज खाली घ्या आणि एकमेकांकडे बघा. मागच्या वेळी पहिल्यांदाच गाणारी एक मुलगी दुसऱ्या कडव्यात तालातून सुटली. तबलजींनी ठेका तसाच धरून ठेवला, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) तिच्याकडे बघून मान हलवली आणि ती अलगद परत आली. फार छान वाटलं ते बघून!

प्रत्येक गटाला दोन गाणी, दहा मिनिटं. सोबत कोणी नसेल तर तसं लिहा, साथीदार मिळवून देऊ.