चपलेचा कान झाकण्याआधी टिपायला हवा : बेळगावच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. जिल्हा पालकमंत्री, बेळगाव
यांस सप्रेम नमस्कार.

निपाणी-अथणी पट्ट्यातली चप्पल, खानापूरची मातीची भांडी, वडगाव-शहापूरचे माग यांचे फोटो ढिगाने निघतात. पण बहुतेक तयार मालाचे, नाहीतर माल हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचे. काम होते कसे, ते त्यांत दिसत नाही. जिल्ह्याने या कारागिरीचे छायाचित्रांतून दस्तावेजीकरण हाती घ्यावे आणि ते कामाच्या क्रमाने व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचे आहे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आपल्या बाजूचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये याच घाटाच्या चपला दाखवल्या, तेव्हा ‘चप्पल कुणाची’ यावर रान उठले. हक्क सांगायचा तर पद्धत दाखवता आली पाहिजे, आणि पद्धत दिसते ती चप्पल अर्धवट असताना.

कानाचेच बघा. चपलेच्या दोन्ही अंगांना दिसणारे कान वरच्या आणि खालच्या तळाच्या मधे धरलेले असतात. आरीने भोके पाडून चामड्याची वादी ओवली, की आतले सगळे झाकले जाते. तो क्षण हुकला तर चप्पल उसवल्याखेरीज फोटो मिळणार नाही. म्हणून बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेले चामडे भिजवण्यापासून ठोकणे, रापीने तळ कापणे, कान बसवणे, कडेची शिलाई, पट्टा आणि अंगठा लावणे, शेवटची वेणी, इथपर्यंत एकही टप्पा सुटता कामा नये. दर टप्प्याला तीन फोटो : बसण्याची ढब दिसेल असा लांबून, हात आणि हत्यार फ्रेमभर, आणि हात काढून घेतल्यावर नुसत्या वस्तूचा, शेजारी 15 सेंटिमीटरची पट्टी ठेवून. पट्टी नसेल तर रापीचे पाते चार बोटे होते की वीतभर, हे फोटोवरून सांगता येत नाही.

कारखाना म्हणजे बहुधा एका दाराची खोली. दारातून दिवसाचा उजेड, वर स्वस्तातला एलईडी दिवा. दोन्ही मिसळले की चामड्याचा तांबूस रंग एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-पिवळा येतो. संगणकावर एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. शिवाय आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि शटरचा वेग 1/250 सेकंदावर नेला की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. उपाय साधा आहे. दिवा बंद करावा, कारागिराची एक कूस दाराकडे असावी, दुसऱ्या बाजूने थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा करडा पुठ्ठा, घ्यावे. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/5.6 ते एफ/8 ठेवले तर आरीचे टोक आणि बोटे दोन्ही स्पष्ट येतात. शिलाईला 1/60 पुरते, हातोड्याच्या घावाला 1/250 लागते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र नकोच, ओल्या चामड्यावर पांढरा डाग पडतो आणि पोत मरतो.

खानापुरात अडचण हंगामाची. तिथला पाऊस दांडगा. भर पावसाळ्यात भांडी धड वाळत नाहीत, आणि दमट भांडे भट्टीत गेले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकते. कामाचा आदेश जुलैत निघाला तर छायाचित्रकार रिकामी भट्टी टिपून येईल. माती मळण्यापासून भट्टी उघडेपर्यंत मधे वाळवणीचे दिवस जातात, तेव्हा नेमणूक दिवसांच्या हिशेबाने न करता एका पूर्ण भट्टीसाठी करावी. चाकाजवळ लेन्स बदलू नये, मातीची धूळ सेन्सरवर बसते.

हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर आणि बेळगावच्या किल्ल्यातली 1204 सालची कमल बसदी (जैन मंदिर) यांचे फोटो पुढच्या वर्षीही काढता येतील. पैसा आधी हाताच्या कामावर लागावा.

फोटोइतकीच नावे महत्त्वाची. ‘चामड्याचे हत्यार’ अशी ओळ घातली की रापी, आरी, वादी हे शब्द त्या फोटोतून नाहीसे झाले. कारागीर घरात मराठी बोलत असेल तर मराठी, कन्नड बोलत असेल तर कन्नड, त्याच्या तोंडचाच शब्द फोटोखाली यावा, आणि त्याच्या आवाजात मोबाइलवर टिपूनही ठेवावा. संमतीपत्रही त्याला वाचता येईल अशाच भाषेत असावे. फोटोसाठी दर टप्प्याला हात थांबवावा लागतो, त्या दिवशी माल कमी निघतो. ही बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात धरलीच पाहिजे, चहापाण्यावर भागवू नये.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइल, जिल्ह्याकडे याव्यात. नुसत्या जेपीईजी घेतल्या तर रंग पुन्हा नीट करायला वाव राहत नाही. तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक बेळगावबाहेर.

येत्या नोव्हेंबरात निपाणीचा एक चप्पल कारखाना आणि खानापूरची एक भट्टी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. अंदाजपत्रकाचा कच्चा तपशील आणि संमतीपत्राचा मराठी मसुदा आम्ही द्यायला तयार आहोत.

कळावे,
छायाचित्रण शिकणारे आणि शिकवणारे,
बेळगाव, खानापूर, निपाणी