जाई-जुईची कात्री गड्ड्यानंतर

महोदय,

संक्रांत होऊन गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेची, गर्दी ओसरू लागली की सोलापूरकरांनी कात्री हातात घ्यावी. जाई-जुई छाटायची हीच वेळ. आपल्याकडे बऱ्याच अंगणांत ती मृगाचा पाऊस पडल्यावर छाटतात आणि मग 'वेल नुसती पानांनी माजलीय' म्हणून कुरकुर होते. कळी धरते ती नव्या फुटव्याच्या शेंड्याला. जूनमध्ये तोच कापला तर पावसाळ्यातला बहर हातचा जातो. मोगऱ्याची छाटणी मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात. आता त्याचं फक्त वाळकं काढा.

छाटणीआधी जमिनीतल्या वेलीचं पाणी 10-12 दिवस तोडावं. कुंडीला 3-4 दिवस पुरे, नाहीतर मुळंच वाळतात. गुंतलेल्या, वाळक्या काड्या बुडातून काढाव्यात, बाकीच्या जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, डोळ्याच्या (फुटवा येतो त्या उंचवट्याच्या) बोटभर वर तिरक्या कापाव्यात. राहिलेली पानंही खुडावीत. मग आळं हलकं खणून जुन्या वेलीला 10 किलो कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड द्यावी, वर भरपूर पाणी. युरिया नको, त्यानं पाला वाढतो, कळ्या मागे राहतात. नळाला रोज पाणी नसतं तिथे आळ्यावर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर घाला, ओल टिकते.

नवी वेल घेताना पान पाहून घ्या, कारण रोपवाटिकेत जाई, जुई, चमेली ही नावं सर्रास एकमेकींना चिकटवली जातात. जाईच्या एका देठावर सात-नऊ पानुल्या असतात आणि कळी बाहेरून गुलाबट असते. जुईचं पान एकच दिसतं, पण त्याच्या बुडाशी कानांसारख्या दोन चिमुकल्या पानुल्या असतात. जाई तारेवर चढवताना सुतळीने बांधावी लागते.

इथला खरा त्रास पान पिवळं पडण्याचा. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, तोही आधी कोवळ्या पानांत, असं दिसलं की लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, पण आपली चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी ते मुळांना घेऊ देत नाही. त्यात वेल भिंतीला खेटून लावली की बांधकामाचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा मुळाशी येतो. म्हणून खड्डा भिंतीपासून दीड फूट लांब घ्यावा. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा, दर दहा दिवसांनी दोन-तीनदा. फरशी आधी झाका. हिराकशीचे तांबूस डाग निघता निघत नाहीत.

पानं राखट होऊन खाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी ही बारीक कीड लागलीय. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम चालतं, पण ते फेब्रुवारीतच उरकावं; पारा पस्तिशी ओलांडल्यावर गंधकाने पानं करपतात. मार्चनंतर पहाटे पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, दर तीन दिवसांनी.

पश्चिमेच्या भिंतीवर आणि पत्र्याला टेकवून जाई-जुई चढवू नये, कोवळे शेंडे एप्रिलात भाजतात. तिथे मधुमालती लावा, ती ऊन सोसते. फक्त मांडव दणकट हवा आणि मुळातून येणारे फुटवे वरचेवर उपटावे लागतात.

– बागकाम करणारे काही वाचक, सोलापूर